नळी आणण्याआधी वही घेऊन या

एप्रिलमधला सोमवार होता. सकाळी साडेआठला मी प्रयोगशाळेत पोचले, तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. मांडीवर थर्माकोलचा पांढरा डबा, त्याला चारही बाजूंनी खाकी चिकटपट्टी. सीमाभागातल्या एका कॉलेजातून रात्रीच्या बसनं निघालेली, पहाटे गोरगुंटेपाळ्याला उतरून हेब्बाळच्या पुढं आमच्यापर्यंत आलेली. गेटवरच्या माणसाशी ती अडखळत कन्नड बोलत होती. माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठी काय?" मी निपाणीची, असं सांगितल्यावर तिचा चेहरा सैलावला आणि दारातून आत येईपर्यंत मी मॅडमची ताई झाले होते.

डबा उघडला. बर्फाचं पाणी झालं होतं आणि त्यात बारा इवल्या नळ्या तरंगत होत्या. दोन झाकणांवरची शाई पुसली गेली होती. नळ्यांमध्ये मालदांडी ज्वारीच्या मुळांमधून काढलेला आरएनए होता. सहा नळ्या भरपूर पाणी दिलेल्या रोपांच्या, सहा पाणी तोडलेल्या रोपांच्या. पाऊस नसताना केवळ जमिनीतल्या ओलीवर उभी राहणारी ही ज्वारी मुळांतली कोणती जनुकं जागी करते, हे तिला शोधायचं होतं. सोलापूर-विजापूरच्या काळ्या रानात रब्बीला मालदांडी पेरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याशी संबंध असलेला प्रश्न. प्रश्न उत्तम होता.

आम्ही प्रत्येक नळीतला एक मायक्रोलिटर आरएनएचा दर्जा तपासणाऱ्या यंत्राच्या चिपवर चढवला. अर्ध्या-पाऊण तासात पडद्यावर आलेख उमटू लागले. धड आरएनए असला की आलेखात दोन उंच शिखरं शेजारी शेजारी उभी राहतात. ती रायबोसोमच्या दोन मोठ्या आरएनएंची, १८एस आणि २८एस. वनस्पतींत दुसरं २५एस म्हणून ओळखतात. यंत्र त्या आकाराला १ ते १० पैकी गुण देतं. क्रमवाचनासाठी, म्हणजे रेणूंतली अक्षरं ओळीनं वाचण्यासाठी, आम्ही साधारण ७ गुण मागतो. तिच्या नळ्यांमध्ये शिखरं नव्हती. डावीकडं एक बसका उंचवटा होता, म्हणजे लांब रेणूंचे बारीक तुकडे. गुण दोन आणि तीनच्या मध्ये.

"ताई, थोडं तरी निघेल की. मशिनमध्ये घालून तरी बघूया."

मी नाही म्हटलं. ती काही बोलली नाही, फक्त नळ्या पुन्हा डब्यात नीट रांगेनं लावत राहिली. मला ते बघवेना. मी तिला कॅन्टीनमध्ये नेलं, इडली आणि कॉफी घेतली आणि म्हटलं, तुझी वही दाखव.

वही नीटनेटकी होती. त्यातूनच कळलं की पाणी दिलेल्या रोपांची मुळं तिनं सकाळी प्रॅक्टिकलच्या आधी काढली होती, आणि कोरड्या रोपांची दुपारी, तास संपल्यावर. सहा ओली रोपं एकाच ट्रेमध्ये वाढलेली, सहा कोरडी दुसऱ्या एकाच ट्रेमध्ये. म्हणजे पाण्याबरोबर आणखी दोन गोष्टी बदलल्या होत्या, दिवसाची वेळ आणि ट्रे. कितीतरी जनुकं घड्याळाप्रमाणे दिवसभरात वरखाली होतात. जो फरक दिसला असता तो दुष्काळाचा, दुपारचा की ट्रेमधल्या मातीचा, हे सांगायला जगातलं कोणतंही यंत्र पुरलं नसतं. बर्फ वितळला नसता, तरी तिला उत्तर मिळालं नसतं.

हे वाक्य मी तिला त्या टेबलावर सांगितलं. तेव्हापासून ते मी पुष्कळांना सांगत आले आहे, आणि हे लिहायला बसले तेही त्यासाठीच.

माझं काम कोणाला सांगायचं झालं तर मी तलाठी कार्यालयाचा दाखला देते. रोपाच्या मुळात, पानात, कणसात डीएनए तोच असतो. ज्वारीत तीस हजारांच्या आसपास जनुकं आहेत, माणसात प्रथिनं घडवणारी सुमारे वीस हजार. हे सगळं मूळ दप्तर. ते कपाटातून बाहेर जात नाही. काम पडलं की त्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल निघते. ही नक्कल म्हणजे आरएनए, आणि नकला निघून कामाला लागणं म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती. पीककर्जाच्या दिवसांत सातबाऱ्याच्या नकला भराभर निघतात. कार्यालयात त्या दिवशी कोणत्या पानाच्या किती नकला निघाल्या हे मोजलं, तर गावात काय चाललंय ते दप्तर न वाचताही कळतं. पेशीत आम्ही तेच मोजतो.

अडचण अशी की या नकला फार नाजूक कागदावर असतात. आरएनए तोडणारी विकरं, ज्यांना आम्ही आरनेज म्हणतो, ती घामात असतात, थुंकीत असतात, बोटांच्या टोकांवर असतात. त्यांतली काही इतकी चिवट की पाणी उकळून थंड केलं तरी पुन्हा कामाला लागतात. म्हणून आमच्या खोलीत मोबाइलला हात लागला की हातमोजे बदलायचे, दाराची कडी धरली की बदलायचे. शिवाय नळीतल्या एकूण आरएनएपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा रायबोसोमचा असतो. ज्या नकला मोजायच्या त्यांचा वाटा उरलेल्या काही टक्क्यांत. इतकी थोडी, इतकी नाशवंत वस्तू, आणि ती नेहमी दुसऱ्याची. कोणाच्या दोन वर्षांच्या उंदरांची, कोणाच्या रुग्णानं एकदाच दिलेल्या गाठीच्या तुकड्याची. ती हातात घेताना मला आजही क्षणभर थांबावं लागतं.

मी कोल्हापूरला एम. एस्सी. केलं. शिवाजी विद्यापीठात मोठी उपकरणं एकत्र ठेवून सगळ्या विभागांना आणि बाहेरच्या कॉलेजांनाही वापरू देणारं केंद्र होतं. आपली नळी दुसऱ्याच्या हातात देऊन उत्तराची वाट बघायची, हा अनुभव मी आधी तिथं, टेबलाच्या अलीकडच्या बाजूनं घेतला. भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं सत्तरच्या दशकात अशी प्रादेशिक उपकरण केंद्रं उभारायला सुरुवात केली. त्यामागचा विचार आपल्या गावांना नवा नाही. प्रत्येकाच्या रानात वेगळी मळणी यंत्रं परवडत नाहीत. गावात एक असतं आणि ते पाळीपाळीनं खळ्यावर जातं.

२०१० साली मी बंगळुरूला आले. त्या वेळी बल्लारी रस्त्यावरच्या जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारात हा विचार मोठ्या प्रमाणावर आकार घेत होता. तिथं एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, त्या परंपरेतून ही संस्था बंगळुरूत उभी राहिली. तिच्या शेजारी २००९ साली सी-कॅम्प सुरू झालं. पेशी आणि रेणूंच्या अभ्यासाला लागणारी महागडी तंत्रं सगळ्या देशातल्या संशोधकांना, छोट्या कंपन्यांनाही, ठरावीक शुल्कात मिळावीत हे त्याच्या स्थापनेमागचं एक मुख्य कारण. पुढं शहरात आणि शहराभोवती अशा सामायिक सुविधा वाढल्या. त्यांतल्या एकीत मी नोकरीला लागले. जानेवारी २०२० मध्ये देशभरातली उपकरणं कुठं आहेत ते शोधून वेळ राखून ठेवायची सोय करणारं आय-स्टेम सुरू झालं, त्याचाही कारभार बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून चालतो. आज सीमाभागातल्या मुलीला आमचा पत्ता सापडतो तो यामुळं.

मी आले तेव्हा मायक्रोॲरे मागं पडू लागले होते. १९९५ साली स्टॅनफर्डमधून जगासमोर आलेलं हे तंत्र. काचेच्या पट्टीवर हजारो जनुकांचे ठिपके, आणि कोणता ठिपका किती चमकतो त्यावरून नकलांचा अंदाज. २००८ च्या सुमारास थेट क्रमवाचनाचे शोधनिबंध आले आणि चित्र पालटलं. आता आरएनएची उलटी नक्कल करून डीएनए बनवायचा आणि त्याचे कोट्यवधी छोटे तुकडे एकेक अक्षर वाचायचे. ही उलटी नक्कल करणारं विकर १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांना स्वतंत्रपणे सापडलं होतं. आरएनए बाहेर काढायची जी रीत आम्ही रोज वापरतो, ती चोम्चिन्स्की आणि साक्की यांनी १९८७ मध्ये मांडली. आमच्या कपाटातली ती गुलाबी द्रवाची बाटली त्याच रीतीची. बाटली कोणत्याही कॉलेजला घेता येते. क्रमवाचनाचं यंत्र, त्याची दरवर्षीची देखभाल, अखंड वीज, उणे ८० अंशांचे फ्रीजर आणि हे सांभाळणारी माणसं, हा खर्च एकट्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातला नाही.

शिवाय हे यंत्र स्वभावानंच सामायिक आहे. त्याच्या एका काचपट्टीवर इतकं वाचन होतं की एकट्याच्या नमुन्यांनी ती भरत नाही. मग पाच-सहा गटांचे नमुने एकत्र मिसळतात. प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना आधी आठ-दहा अक्षरांची वेगळी खूण जोडलेली असते. एसटीत सगळे एकत्र बसतात, पण प्रत्येकाच्या हातात आपापलं तिकीट असतं, तसं. वाचून झालं की तिकिटं बघून वेगळं करायचं. पण एखाद्यानं निकृष्ट नमुना चढवला, त्यात नुसते खुणांचेच तुकडे एकमेकांना चिकटलेले असले, तर ते भराभर जागा अडवतात. बाकीच्यांनी पैसे भरलेल्या जागा त्या नमुन्यानं खाल्लेल्या असतात. म्हणून मी त्या मुलीला नाही म्हटलं, तेव्हा ते तिच्यासाठी होतं तसंच त्या पट्टीवर तिच्या शेजारी बसणाऱ्या, तिला कधीही न भेटणाऱ्या माणसांसाठीही होतं.

बंगळुरूचं एक आवडतं वाक्य आहे, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'. थोडं सांभाळून घ्या. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा करून देणारं हे वाक्य. इतक्या भाषांची माणसं या शहरात नांदतात ती या वाक्याच्या आधारानं, आणि परक्या गावातून आलेल्या मलाही त्यानंच जागा दिली. पण नळीपुढं ते चालत नाही. गुण पाच आहेत, सात धरा, असं मला रोज कोणीतरी विनवतं. प्रबंधाची मुदत संपत आलेली असते, शिष्यवृत्ती थांबणार असते, कोणाच्या घरी लग्न ठरलेलं असतं. ही सगळी कारणं खरी असतात. तुटलेल्या आरएनएमध्ये नकलेचं शेवटचं टोक तेवढं हाताला लागतं, उरलेलं हरवतं, आणि संगणक मात्र निमूटपणे आकडे देतो. कोणतं जनुक वाढलं, कोणतं घटलं, सगळं तक्त्यात व्यवस्थित छापून येतं. ते आकडे दुष्काळाबद्दल बोलत नसतात, नळीच्या हालअपेष्टांबद्दल बोलत असतात. वाचणाऱ्याला ते कळायचा काही मार्ग नसतो.

मी हे शिकले ते माझ्या चुकीमुळं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गटाचे कर्करोगाच्या पेशींचे नमुने आले. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून आणलेल्या. ऐंशीच्या दशकात प्राण्यांच्या पेशी वाढवून देशभर पुरवण्याची राष्ट्रीय सोय म्हणूनच ही संस्था सुरू झाली होती, म्हणजे तीही एक सामायिक प्रयोगशाळाच. निम्म्या पेशींना औषध दिलेलं, निम्म्यांना नाही. त्या आठवड्यात कामाचा ढीग होता. औषध न दिलेल्या नळ्यांची तयारी मी सोमवारी केली. औषध दिलेल्यांची शुक्रवारी, नव्या खोक्यातली रसायनं फोडून. निकाल आला तेव्हा हजारो जनुकांत फरक दिसत होता. त्या गटात पेढे वाटले गेले. दोन महिन्यांनी त्यांच्याकडं आलेल्या एका सांख्यिकी जाणणाऱ्या मुलानं विचारलं, "हे नमुने कोणत्या तारखेला तयार केले?" मी नोंदवही उघडली आणि माझे हात गार पडले. औषध आणि तारीख तंतोतंत एकमेकांवर बसत होती. आता औषधाचा परिणाम कोणता आणि शुक्रवारचा कोणता हे वेगळं काढणं शक्य नव्हतं. सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळी दोन्ही प्रकारच्या नळ्या एकाच दिवशी, मिसळून तयार केल्या आणि फरक दिसणारी जनुकं काही शेकड्यांवर आली.

मला कोणी रागावलं नाही. पण मला तारखा माहीत होत्या. कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नव्हतं. नळी आली, काम केलं, निकाल दिला, एवढंच आपलं काम अशी माझी तोवरची समजूत होती. त्या दिवशी आमच्या प्रमुख बाईंनी नमुन्यांच्या अर्जात दोन रकाने वाढवले. तुमचा प्रश्न काय आहे, आणि तुलना कशाची कशाशी करणार आहात. हे रकाने भरल्याशिवाय आम्ही नळी घेत नाही. बहुतेकांना ती नसती कागदपत्रं वाटतात. माझ्या दृष्टीनं आमच्या संपूर्ण सुविधेतलं सर्वांत मोलाचं साधन ते दोन रकाने आहेत.

लोक प्रयोग झाल्यावर विचारायला येतात, ही तक्रार जुनी आहे. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९३८ साली कलकत्त्याला भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत अध्यक्षपदावरून हेच मांडलं होतं की प्रयोग उरकल्यावर सल्ल्याला येणाऱ्याला फार तर प्रयोग कशानं दगावला तेवढं सांगता येतं. हे त्यानं आपल्या देशात, आपल्या लोकांपुढं सांगितलं, आणि आम्ही अजून थर्माकोलचे डबे उघडतोय.

२०२० मध्ये कोविडमुळं माझ्या कामातले शब्द एकाएकी घराघरांत पोचले. आरटी-पीसीआर म्हणजे काय हे मला माझ्या वडिलांनी फोनवर विचारलं. आमच्या खोलीतली यंत्रं तपासणीच्या कामाला गेली आणि आमच्यातले काही जण पाळ्या लावून रात्रंदिवस नमुने बघू लागले. एरवी ज्या यंत्रावर आम्ही ज्वारीची किंवा उंदरांची जनुकं मोजायचो, त्यावर आता माणसांच्या नाकातले नमुने होते. तंत्र तेच. प्रत्येक फेरीत डीएनए दुप्पट होतो, आणि कितव्या फेरीत तो दिसू लागला ते सीटी या आकड्यानं सांगतात. सीटी २० आणि सीटी ३० यांत दहाचा फरक दिसतो, प्रत्यक्षात तो हजारपटीचा असतो. निपाणी, कोल्हापूर, बेळगावहून ओळखीची माणसं फोन करून आपला सीटी वाचून दाखवायची आणि विचारायची, काळजीचं आहे का? मी प्रत्येकाला एकच सांगायचे. हा आकडा तुमच्या आजाराइतकाच त्या नाकात घातलेल्या काडीवरही अवलंबून आहे. काडी नीट फिरवली का, नमुना थंड राहिला का, किती तासांनी पोचला. आकड्यावर जाऊ नका, श्वास आणि ऑक्सिजन बघा, डॉक्टरांचं ऐका.

त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये विषाणूची जनुकं वाचण्यासाठी देशातल्या दहा प्रयोगशाळांची साखळी बांधली गेली, तिचं नाव इन्साकॉग. बंगळुरूच्या निम्हान्स आणि इनस्टेम, पुण्याच्या एनआयव्ही आणि एनसीसीएस, सगळ्या तिच्यात होत्या. ज्या देशात यंत्रं आणि ती चालवणारी सरावाची माणसं आधीपासून एकत्र जोडलेली होती, तिथंच हे इतक्या लवकर उभं राहू शकलं. संकटाच्या दिवशी यंत्र विकत आणता येतं. ते चालवणारा हात दहा वर्षं आधीपासून घडवावा लागतो.

त्या हातांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. आमच्याकडं कोलारकडचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. पिपेटमध्ये द्रव चढताना होणाऱ्या आवाजावरून, टोक नीट बसलेलं नाही हे ते पलीकडच्या टेबलावरून सांगतात. रात्री दोनला उणे ८० च्या फ्रीजरचा भोंगा वाजला की दुचाकीवरून येऊन पंधरा गटांचे नमुने दुसऱ्या फ्रीजरमध्ये हलवणारे तेच. त्यातल्या एकाही संशोधकाला सकाळी त्याची कल्पना नसते. आमच्यातले कितीतरी जण वर्षावर्षाच्या करारावर काम करतात. प्रकल्प संपला की माणूस जातो, आणि त्याच्या बोटांत साठलेलं शहाणपणही जातं. शोधनिबंधात यंत्राचं नाव, कंपनीचं नाव, रसायनाच्या खोक्याचा क्रमांक सगळं छापतात. ते काम करणाऱ्या माणसाचं नाव फार थोड्या ठिकाणी दिसतं. यंत्रासाठी निधी मंजूर करणाऱ्यांनी यंत्राच्या आयुष्याइतकी वर्षं त्यावरच्या माणसाचा पगारही मंजूर करावा, आणि ज्याच्या हातातून निकाल निघाला त्याचं नाव निबंधात यावं. हे उपकार म्हणून मागत नाही. निकाल विश्वासार्ह हवा असेल तर एवढं लागतंच.

आता ज्वारीकडं येते.

त्या दिवशी कॅन्टीनच्या टेबलावर आम्ही दोघींनी प्रयोग पहिल्यापासून आखला. बारा रोपं बारा वेगळ्या कुंड्यांत. ओल्या आणि कोरड्या कुंड्या आलटून पालटून मांडायच्या. सगळ्यांची मुळं एकाच तासात काढायची. मातीतली ओल वजन करून मोजायची, नुसतं 'पाणी तोडलं' असं लिहायचं नाही. मुळं धुतल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची. इथं ती थबकली. "ताई, आमच्या कॉलेजात नायट्रोजन कुठला?" मी विचारलं, गावात जनावरांचा दवाखाना आहे ना? गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तिथं उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचे कॅन असतात. पत्र घेऊन जा, अर्धा लिटर देतील. प्रवासासाठीही बर्फाचा भरवसा धरायचा नाही. आरएनए इथेनॉलखाली बसवून ठेवला की तो एका रात्रीचा प्रवास सहज सोसतो, इथं आल्यावर आम्ही तो खाली बसवून पाण्यात उतरवू. आणि शेवटची गोष्ट तिला सर्वांत जड गेली. क्रमवाचन करू नकोस. तुझ्या प्रश्नाला आठ जनुकं पुरतात, ती साध्या क्यूपीसीआरवर, म्हणजे कोविडची तपासणी झाली त्याच तंत्रानं, मोजता येतील आणि तुझ्या कॉलेजला तो खर्च झेपेल. मात्र ज्या स्थिर जनुकांशी तुलना करणार, ती दुष्काळातही खरंच स्थिर राहतात का हे आधी तपासू. एका पट्टीनं मोजायचं तर ती पट्टीच ताणली जात नाही ना, हे बघायला हवं.

ती सप्टेंबरात पुन्हा आली. या वेळी डबा लहान होता आणि वही जाड झाली होती. बारापैकी अकरा नळ्यांना सातच्या वर गुण मिळाले. पडद्यावर ती दोन शिखरं उभी राहिली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. चार दिवस ती आमच्याकडं राहून स्वतः प्लेट भरायला शिकली. निकालात ज्या जनुकावर तिनं आणि तिच्या मार्गदर्शकांनी सगळी भिस्त ठेवली होती, ते बदललेलं नव्हतं. ओल्या कुंड्यांत जेवढं, तेवढंच कोरड्या कुंड्यांत. दुसरी तीन जनुकं मात्र प्रत्येक कोरड्या कुंडीत वर गेली होती. तिनं थोडा वेळ आकड्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे आमचा अंदाज चुकला. पण हे खरं आहे ना, ताई?" मी म्हटलं, हो, हे खरं आहे. एप्रिलमध्ये मी तिला दिलेला नकार आणि सप्टेंबरात ज्वारीनं तिला दिलेला नकार यांत हाच फरक होता. पहिल्यातून काही कळलं नव्हतं, दुसऱ्यातून काहीतरी कळलं.

लहान गावांतल्या कॉलेजांत शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांना मला मनापासून सांगायचं आहे. बंगळुरूत, पुण्यात, हैदराबादेत अशी दारं तुमच्यासाठी उघडी आहेत. त्या यंत्रांवर तुमचाही हक्क आहे, ती जनतेच्या पैशातून आली आहेत. इंग्रजी अडखळतंय, कॉलेजचं नाव कोणाला माहीत नाही, म्हणून संकोचू नका. फक्त एक करा. रोप उपटण्याआधी, उंदराला सुई टोचण्याआधी, रुग्णाचं रक्त घेण्याआधी आमच्याकडं या. येता येत नसेल तर फोन करा. त्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला आम्ही शुल्क घेत नाही, आणि आमच्याकडून तुम्हाला मिळू शकणारी सर्वांत मोठी मदत तीच आहे. नळी आणण्याआधी वही घेऊन या.